वाढतं शहर ह्यूस्टन (९) : रिकाम्या खोल्या

आज टेक्सास मेडिकल सेंटरवर लिहीन असं कबूल केलं होतं. ते पुढच्या रविवारी. मध्येच साताऱ्याहून एका निवृत्त गुरुजींचं पत्र आलं. गेल्या वेळी ज्या तक्त्यावरून मी भराभर पुढे गेलो, नेमकं त्यावरच त्यांनी बोट ठेवलं आहे. ते लिहितात, ‘१९८२ ते १९८७ या काळात ह्यूस्टन परिसरातल्या दोन लाखांवर नोकऱ्या गेल्या, असं तुम्ही म्हणता. पण तुमच्याच तक्त्यात शहराची लोकसंख्या १९८० साली १५ लाख ९५ हजार आणि १९९० साली १६ लाख ३० हजार आहे. काम गेलं, मग माणसं वाढली कशी? आकडा छापताना चुकला का? भाच्याला तिथे नोकरी लागते आहे, म्हणून बारकाईने वाचतो आहे.’

गुरुजी, आकडा चुकलेला नाही. या प्रश्नापायीच मी या शहराच्या नादी लागलो. त्यामुळे आजचा सगळा लेख तुमच्या पत्राला.

आधी तेजीच्या शेवटच्या दिवसांतली एक हकिगत. तेल पिंपाला ३५ डॉलरच्या आसपास होतं, तेव्हा तिकडे उत्तरेत मिशिगनमधले मोटारींचे कारखाने माणसं कमी करत होते. डेट्रॉइटमध्ये ह्यूस्टनच्या रविवारच्या वर्तमानपत्रांना गिऱ्हाईक मिळू लागलं, ते बातम्यांसाठी नव्हे, नोकरीच्या जाहिरातींसाठी. माणसं जाहिराती वाचून गाडीत सामान भरत आणि दक्षिणेकडे निघत. त्या वेळी मिशिगनच्या गाड्यांची नंबरप्लेट काळी असे. ह्यूस्टनमध्ये अशा गाड्या इतक्या दिसू लागल्या, की या मंडळींना ‘काळ्या पाटीवाले’ असंच नाव पडलं. सगळ्यांना घर मिळालं नाही. काहींनी शहराबाहेर तंबू ठोकले.

त्यांचं दुर्दैव असं, की निघायला उशीर झाला होता. अमेरिकेत तेलविहिरी खोदणाऱ्या रिगची संख्या डिसेंबर १९८१ मध्ये साडेचार हजारांवर गेली. तो कळस होता. १९८६ च्या उन्हाळ्यात सातशेसुद्धा उरल्या नव्हत्या आणि तेल पिंपाला दहा डॉलरच्या घरात आलं होतं. राइस विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ स्टीफन क्लाइनबर्ग यांनी १९८२ च्या मार्चमध्ये विद्यार्थ्यांना हाताशी धरून शहराची पाहणी केली. भरभराटीच्या शहरातली माणसं काय विचार करतात, हे त्यांना पाहायचं होतं. दोनच महिन्यांत ती भरभराट ओसरू लागली. मग त्यांनी दरवर्षी तीच पाहणी पुन्हा करायचं ठरवलं आणि चार दशकं ती चालवली. एखादं शहर वर चढताना, पडताना आणि सावरताना सलग नोंदलं गेल्याची अशी उदाहरणं फार थोडी आहेत. मला या विषयाची गोडी लागली त्याला हेही एक कारण.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो, आणि त्यासाठी तुम्हाला गल्फटनला घेऊन जातो. शहराच्या नैऋत्येला बेलेअर बुलेव्हार्डच्या आसपास ही वस्ती आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे इथे भाड्याच्या घरांची संकुलं धडाधड उभी राहिली. ह्यूस्टनमध्ये झोनिंग नाही, म्हणजे कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे कारखाना हे ठरवणारा नकाशाच नाही. १९४८ आणि १९६२ साली मतदारांनी तो नाकारला होता, पुढे १९९३ साली पुन्हा नाकारला. त्यामुळे मागणी दिसली की बांधायला वेळ लागत नसे. आणि मागणी कोणाची होती? तेलाच्या कचेऱ्यांत नोकरीला आलेल्या, बाहेरगावच्या, बिनलग्नाच्या तरुण पोरापोरींची. म्हणून एका झोपायच्या खोलीची छोटी घरं, अंगणात पोहण्याचा तलाव, आवारातच नाचगाण्याचा क्लब. कित्येक संकुलांत मुलंबाळं असणाऱ्यांना घरच देत नसत. त्यामुळे आसपास शाळा, खेळायला मैदान, पायी चालायला फुटपाथ यांचा कोणी विचार केला नाही. ज्याच्याकडे गाडी आहे आणि घरी कोणी वाट पाहत नाही, अशा माणसाच्या मापाने ही वस्ती बेतलेली होती.

मंदी आली आणि सगळ्यात आधी हीच पोरं निघून गेली. त्यांना घर विकायचं नव्हतं, मुलांची शाळा सोडवायची नव्हती. संकुलंच्या संकुलं ओस पडली. मालकांचे कर्जाचे हप्ते मात्र चालूच. भाडी उतरली, पहिला महिना माफ झाला, टीव्हीवर जाहिराती आल्या. भाडेकरूला व्हीसीआर भेट देण्यापर्यंत मजल गेली.

तरीही खोल्या भरल्या नाहीत, तेव्हा मालकांनी नवा भाडेकरू शोधला. मुलांना बंदी हा नियम गेला. फाटकावर स्पॅनिश पाट्या लागल्या. त्याच वर्षांत एल साल्वाडोर आणि ग्वाटेमालात यादवी युद्धं पेटली होती. तिथून जीव वाचवून निघालेली कुटुंबं आणि पोट भरायला आलेले मेक्सिकन मजूर यांना शहराच्या मध्यापासून जवळ, बसच्या मार्गावर, परवडेल असं छप्पर हवं होतं. ते गल्फटनमध्ये रिकामं होतं. एकट्या माणसासाठी बांधलेल्या खोलीत पाच-सहा जणांचा संसार मावू लागला. दारं होती तेवढीच राहिली आणि वस्तीची डोकी वाढली. मोठ्यांच्या पाठोपाठ शाळेत जाणारी मुलं आली आणि ज्या भागात शाळेचा विचारच झाला नव्हता, तिथले वर्ग ओसंडून वाहू लागले.

ह्यूस्टन शहरात लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांचं प्रमाण १९८० साली साधारण १८ टक्के होतं, १९९० साली ते २८ टक्क्यांच्या जवळ गेलं. त्याच दशकात गोरे रहिवासी शहराच्या हद्दीतून कमी झाले. कोणी राज्य सोडून गेले, कोणी वुडलँड्स, शुगर लँड अशा बाहेरच्या गावांत राहायला गेले. म्हणजे १५ लाख ९५ हजार आणि १६ लाख ३० हजार हे आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर शहर दहा वर्षं जागेवर बसून होतं असं वाटतं. प्रत्यक्षात एका दारातून लाखोंनी माणसं बाहेर पडत होती आणि दुसऱ्या दारातून लाखोंनी आत येत होती.

आणखी एक गोम आहे, ती मलाही पुष्कळ उशिरा उमगली. ‘दोन लाख नोकऱ्या’ आणि ‘१६ लाख माणसं’ ही एकाच तराजूत तोललेली वजनं नाहीत. नोकऱ्यांचा आकडा कंपन्यांच्या पगारपत्रकांवरून काढतात आणि तो शहरासह भोवतालच्या साऱ्या परिसराचा असतो. जनगणनेचा हा आकडा मात्र शहराच्या हद्दीत कोण राहतं तेवढंच सांगतो. स्वतःचा धंदा करणारा माणूस पगारपत्रकावर येत नाही. लोकांच्या घरी धुणीभांडी करणारी, पोरं सांभाळणारी बाई येत नाही. भल्या पहाटे नाक्यावर उभा राहून मिळेल त्या ट्रकमध्ये चढणारा आणि संध्याकाळी रोख मजुरी घेणारा गवंडीही बहुतेक वेळा येत नाही. गल्फटनमध्ये उतरलेल्या पुष्कळ जणांना याच वाटेने काम मिळालं. जनगणनेत ती माणसं आहेत, नोकऱ्यांच्या तक्त्यात त्यांचा मागमूस नाही.

मी तिथे राहायला गेलो तोवर मंदी सरून बराच काळ लोटला होता. माझं घर गल्फटनपासून दहा मिनिटांवर होतं आणि शनिवारी सकाळी मी तिथे पुपुसा खायला जात असे. मक्याच्या पिठाची जाडसर भाकरी, आत चीज आणि वाटलेला घेवडा, वर आंबवलेल्या कोबीची कोशिंबीर. आपल्या जिभेला ती परकी वाटत नाही. एका संकुलात पोहण्याचा तलाव माती टाकून बुजवला होता आणि त्यावर पोरं फुटबॉल खेळत होती. तलावाच्या कडेच्या निळ्या फरशा अजून दिसत होत्या. त्या फरशांवर बूट काढून बसलेली बायकामाणसं, त्यांच्या मांडीवरची तान्ही मुलं पाहताना मला पहिल्यांदा वाटलं, की शहर वाढतं म्हणजे काय हे आपण अर्धंच शिकलो. नोकरी माणसाला बोलावते हे खरं. पण बोलावणं आलेला माणूस टिकतो की नाही, हे त्याला परवडणाऱ्या खोलीवर ठरतं. ह्यूस्टनमध्ये तर काही वर्षं खोलीनेच माणसाला बोलावलं आणि त्याचं काम त्याने मागाहून शोधलं.

१९९० च्या सुमारास परिसरातल्या नोकऱ्या पुन्हा जुन्या उंचीला पोचल्या. बांधकामाला, हॉटेलांना, इस्पितळांना हात हवे झाले तेव्हा ते हात शहरात येऊन राहिलेले होते. पुढे २००० साली लोकसंख्या साडेएकोणीस लाख झाली, २०२० साली २३ लाख. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि शिकागोनंतर देशातलं चौथं शहर. या वाढीचा पाया मंदीच्या वर्षांत घातला गेला, असं माझं ठाम मत आहे.

तर गुरुजी, भाच्याला माझा निरोप सांगा. काळ्या पाटीवाल्यांनी फक्त जाहिराती पाहिल्या होत्या, आणि जाहिरात सरलेल्या महिन्यांची खबर देते. त्याने दोन गोष्टी जास्त विचाराव्यात. पगाराचा किती हिस्सा भाड्यात जाणार? आणि तेलाचा भाव पुन्हा कोसळला, तर त्याच्या हातातल्या विद्येला त्या शहरात दुसरं कोण विचारील? १९८२ साली या दुसऱ्या प्रश्नाला ह्यूस्टनकडे फारसं उत्तर नव्हतं. आज आहे. लाखावर माणसं जिथे कामाला आहेत, ते मेडिकल सेंटर हा त्या उत्तराचा मोठा भाग, म्हणून पुढचा रविवार त्याचा.