दिवसाची खोल पाण्यातील मासेमारी आणि बर्फाचा हिशेब

यवतमाळ जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असला, तरी मासळीचा धंदा येथे परका नाही. पैनगंगेवरील इसापूर, पुसदजवळील पूस, दिग्रसजवळील अरुणावती आणि बाभूळगाव तालुक्यातील बेंबळा ही मोठी धरणे जिल्ह्याच्या वाट्याला आली आहेत. कतला, रोहू, मिरगल आणि मरळ हे गोड्या पाण्यातील मासे बाजारात ओळखीचे झाले आहेत. या धंद्यातील आपले बांधव भावाची चौकशी रोज करतात. परंतु मासा मेल्यापासून बर्फात पडेपर्यंत किती तास गेले, हे विचारणारे थोडेच. नफा-तोट्याचा मोठा भाग याच प्रश्नावर अवलंबून असतो. तो समजण्यासाठी खोल समुद्रातील एका माशाचे उदाहरण उपयोगी पडेल.

तलवार माशाची गोष्ट

तलवार मासा हा लांब, चपट्या चोचीचा समुद्री मासा आहे. मोठ्या माशाचे वजन १०० किलोच्या पुढे जाते. दिवसा तो साधारण ५०० मीटर खोल, अंधाऱ्या व थंड पाण्यात राहतो आणि रात्री भक्ष्याच्या मागे पृष्ठभागाजवळ येतो. म्हणून त्याची मासेमारी बहुधा रात्रीच होत असे. संध्याकाळी कित्येक किलोमीटर लांबीची गळांची दोरी पाण्यात सोडायची आणि सकाळी ओढायची, ही रीत होती व अनेक देशांत आजही आहे. तिच्यात दोष असा की, रात्री लवकर अडकलेला मासा मरून सकाळपर्यंत पाण्यातच लटकत राहतो.

सन २००० नंतर अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिवसाची मासेमारी रूढ झाली. तेथे हौशी लोक नावाड्यासह बोट दिवसाच्या भाड्याने घेतात. वजन बांधलेली एकच दोरी थेट मासा असतो त्या खोलीवर सोडतात, आमिषाजवळ लहान दिवा लावतात आणि विजेच्या चरकाने दोरी ओढतात. कॅलिफोर्नियात व्यापारी मच्छीमारांसाठी हीच कल्पना तरंगत्या बोयाच्या साह्याने वापरात आली. मासा लागताच बोया हालतो, मच्छीमार लगेच दोरी ओढतो, मासा साफ करतो आणि बर्फात ठेवतो. अशा मासेमारीत नग कमी मिळतात. परंतु माल ताजा असल्याने त्याला भाव अधिक मिळतो.

आपल्या जलाशयात काय घडते?

आपल्याकडेही बहुतेक जाळी संध्याकाळी लावून पहाटे काढतात. फासात कल्ले अडकलेला मासा गुदमरून मरतो. तो रात्री आठला मेला आणि सकाळी सहाला वर आला, तर दहा तास कोमट पाण्यात गेले. त्यानंतर काठ, वजनकाटा, गाडी आणि मग बर्फ. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो. शून्य अंशाच्या तुलनेत ५ अंशांवर मासा सुमारे सव्वादोन पट आणि १० अंशांवर सुमारे चौपट वेगाने खराब होतो. यावरून उन्हातल्या उघड्या टोपलीचे काय होत असेल, याचा अंदाज करावा.

समुद्राचा नियम तलावाला जसाच्या तसा मात्र लागू पडत नाही. कतला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मिरगल तळाशी चरतो. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते, तर अगदी खोल पाण्यात प्राणवायू कमी पडू शकतो. म्हणून दिवसा जाळे लावायचे, तर कोणता मासा कोणत्या थरात आहे हे पाहून त्याची खोली ठरवावी लागते. भल्या पहाटे जाळे लावून दोन-तीन तासांत ते तपासणे, हा मधला मार्ग आहे. बर्फाची पेटी होडीतच असली म्हणजे काठावरचा वेळ वाचतो.

रुपयांत हिशेब

समजा, १०० किलो मासा १२० रुपये किलोने घेतला. बर्फ, गाडी व हमाली मिळून १,५०० रुपये खर्च आला. एकूण १३,५०० रुपये झाले. १६० रुपये भावाने सर्व माल गेला, तर १६,००० रुपये येतात आणि २,५०० रुपये सुटतात. पण २५ किलो माल मऊ पडून ६० रुपयांनी विकावा लागला, तर किलोमागे १०० रुपये, म्हणजे बरोबर २,५०० रुपये गेले. दिवसभराची मेहनत फुकट! खरेदीत किलोमागे पाच रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. ताज्या मालाला मच्छीमाराला पाच-दहा रुपये अधिक द्यावे लागले, तरी तो सौदा स्वस्तच पडतो.

खरेदी व करार

खरेदीच्या वेळी कल्ला उघडून पाहावा. तो लालभडक असावा. फिकट किंवा तपकिरी कल्ला रात्रभर जाळ्यात राहिलेला मासा सांगतो. डोळा आत गेलेला नसावा आणि बोटाने दाबल्यावर खड्डा राहू नये. उन्हाळ्यात माशाइतकाच बर्फ घ्यावा आणि तो बारीक फोडून थराथराने घालावा.

मोठ्या जलाशयातील मासेमारीचा हक्क ज्या सहकारी संस्थेकडे ठेक्याने असेल, तिच्याकडूनच माल घ्यावा. होडी भाड्याने घेतल्यास भाडे दिवसाचे की फेरीचे, आणि जाळे फाटल्यास नुकसान कोणाचे, हे आधी लिहून ठेवावे. उचल देऊन वर्षभराचा भाव बांधून घेणे मच्छीमाराला नाडणारे आहे. असा माणूस चांगला मासा दुसरीकडे नेतो आणि शिळा आपल्या पदरी टाकतो.

कारागिरांसाठी काम

या धंद्यात पत्र्याचे व वेल्डिंगचे काम करणाऱ्या बांधवांनाही वाव आहे. आत-बाहेर पत्रा, मध्ये दोन इंच थर्माकोल, घट्ट बसणारे झाकण आणि तळाशी वितळलेले पाणी जाण्यास छिद्र, अशी पेटी कोणताही चांगला कारागीर बनवू शकतो. होडीत मावेल आणि दोन माणसांना उचलता येईल असे माप घ्यावे. पहिली पेटी एखाद्या व्यापाऱ्याला आठवडाभर वापरायला द्यावी. सकाळी भरलेला बर्फ संध्याकाळी किती उरतो, हे त्याने स्वतः पाहिले की दुसऱ्या पेटीची मागणी आपोआप येईल.