खाऱ्या वाऱ्यातलं दार

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या जुन्या घरांना दोन फळ्यांचं सागवानी दार आणि आतून लाकडी अडसर दिसतो. आजही पहिली पसंती नीट वाळवलेल्या सागालाच द्यावी. फणसाचं लाकूडही उत्तम टिकतं. तेवढा खर्च झेपत नसेल तर फ्लश डोअर घ्या. मात्र त्यावर ‘आयएस 2202’ हा आयएसआय शिक्का आणि पाण्याला टिकणाऱ्या ‘बीडब्ल्यूपी’ प्रतीचा उल्लेख पाहूनच. एमडीएफचं, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाबीव फळीचं, दार समुद्राकाठी घेऊच नये. पाणी शिरलं की ते फुगतं आणि पुन्हा मूळ आकारात येत नाही.

लाकडाआधी दगा देतं ते लोखंड. साधी बिजागरी खाऱ्या हवेत लवकर गंजते, 304 प्रतीचं स्टेनलेस स्टीलही डागाळतं. 316 प्रतीत 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ती क्षाराला जास्त तोंड देते. बिजागऱ्या, कडी-कोयंडा आणि स्क्रूसुद्धा त्याच प्रतीचे मागा.

मे महिन्यात घट्ट बसवलेलं दार आषाढात फुगून अडतं. भोवती सुमारे 3 मिलिमीटर फट ठेवायला सांगा. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेलाही पॉलिश हवं. ओल तिथूनच शिरते, आणि नेमक्या त्याच कडा कोऱ्या राहतात.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. घराचं तोंड समुद्राकडे असेल तर दाराला वर-खाली भक्कम कड्या लावा, आणि नक्षीकामाआधी दारावरचा पावसाचा मारा अडवणाऱ्या पडवीसाठी पैसे राखून ठेवा.