दाण्याचे कूट थोडे थोडेच का करावे?

श्रावण लागला की घरोघरी साबुदाणा भिजतो आणि त्याच्या जोडीला दाण्याचे कूट हवेच. सोमवार, एकादशी, पुढे नवरात्र, असे उपवास चालूच असतात. दर वेळी दाणे कोण भाजत बसणार, म्हणून अनेक घरांत किलो-दोन किलो दाणे एकदम भाजून, कूट करून डबा भरून ठेवतात. वेळ वाचतो हे खरे. पण आरोग्याच्या दृष्टीने ही सवय बरी नव्हे. दाणे थोडे थोडे भाजावेत, असे मी रुग्णांना नेहमी सांगतो. त्यामागची कारणे आज पाहू.

भुईमुगाचा दाणा हे उत्तम अन्न आहे. 100 ग्रॅम दाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात. पण त्याच दाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते, आणि खरी गोम या तेलातच आहे.

कच्च्या, अखंड दाण्यात हे तेल आतल्या सूक्ष्म पेशींमध्ये बंद असते. दाणा भाजला की या पेशी फुटतात व तेल मोकळे होते. कूट केले की त्या तेलाचा हवेशी संबंध कितीतरी पटींनी वाढतो. हवेतील प्राणवायू तेलाशी संयोग पावतो आणि कूट खवट होऊ लागते. उष्णता व उजेड यांनी ही क्रिया आणखी वेग घेते. म्हणूनच शेगडीजवळच्या फळीवर ठेवलेले कूट लवकर बिघडते. खवट तेलाने घशाशी जळजळ, मळमळ असा त्रास होऊ शकतो, आणि त्यातील ई जीवनसत्त्वही कमी होते. उपवासाच्या दिवशी पोट आधीच रिकामे. त्यात असे कूट भरपूर घातलेली खिचडी खाल्ली तर दोष साबुदाण्याच्या माथी जातो.

याहून गंभीर गोष्ट बुरशीची. दमट हवेत दाण्यांवर एक हिरवट-पिवळी बुरशी वाढते व ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी अचानक मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती. त्या शोधातूनच हे विष उजेडात आले. आपल्या देशात 1974 साली गुजरातच्या पंचमहाल व राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत पावसाने भिजलेला, बुरशी आलेला मका खाण्यात आल्याने यकृताचा विकार होऊन शंभरावर माणसे दगावली. तेथेही विष हेच होते. थोड्या प्रमाणात पण वर्षानुवर्षे पोटात गेल्यास अफ्लाटॉक्सिनमुळे यकृताचा कर्करोग होतो, हे आता सिद्ध झाले आहे. ज्यांच्या शरीरात 'हिपॅटायटिस बी' या काविळीचे विषाणू आहेत, त्यांना हा धोका अनेक पटींनी अधिक असतो.

"पण डॉक्टर, भाजल्यावर बुरशी मरतेच ना?" असे भगिनी विचारतात. बुरशी मरते, तिचे विष मात्र पूर्णपणे नष्ट होत नाही. शिवाय भाजून, साल काढून कूट केले की चांगला दाणा कोणता व वाईट कोणता हे ओळखता येत नाही. म्हणून निवडणे हे भाजण्याआधीच झाले पाहिजे. दोन किलो दाणे कोणी एकेक करून निवडत नाही; पाव किलो मात्र ताटात पसरून पाच-दहा मिनिटांत निवडून होतात. थोडे भाजण्याचा मोठा फायदा हाच. काळपट, सुरकुतलेले, किडके, बुरशी धरलेले दाणे काढून टाकावेत. खाताना एखादा दाणा कडू लागला तर तो गिळू नये, थुंकून टाकावा.

हे निवडून काढलेले दाणे वाया जाऊ नयेत म्हणून कोणाला देऊ नका, कोंबड्यांनाही घालू नका. गाई-म्हशींच्या पोटात गेलेल्या या विषाचा काही अंश दुधात उतरतो आणि ते दूध आपलीच मुले पितात. ते टाकून द्यावेत हेच उत्तम.

चार माणसांच्या घराला आठवड्याला पाव किलो दाणे पुरावेत. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, सारखे हलवत भाजावे. कढई भरगच्च असली की तळचे दाणे करपतात आणि वरचे कच्चे राहतात. थोडे दाणे सारखे भाजले जातात. भाजून झाले की ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यावेत. गरम दाणे डब्यात भरले की वाफ धरते व तो ओलावा बुरशीला आमंत्रण देतो. कूट घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत, उजेडापासून दूर ठेवावे आणि त्यात ओला चमचा घालू नये. कच्चे दाणेही पावसाळ्यात बेताचेच आणावेत. तयार कूट विकत घेणे शक्यतो टाळावे, कारण ते कोणत्या दाण्यांचे आहे हे आपल्याला दिसत नाही.

एखादा खराब दाणा पोटात गेला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. धोका आहे तो रोजच्या निष्काळजीपणाचा. डब्याच्या तळाशी जुने कूट शिल्लक असेल तर आजच त्याचा वास घेऊन पाहा. खवट वाटले तर मोह न धरता फेकून द्या. वास चांगला आला तरी निवडण्यात हयगय नको, कारण या विषाला वासही नसतो आणि रंगही नसतो.