काळ्या मातीचा चिखल आणि भूकंपाचं द्रवीभवन

२१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा भूकंप झाला, पुसद-उमरखेडकडेही हादरा जाणवला आणि जुनी भीती पुन्हा वर आली: 'आपली काळी माती; पावसाळ्यात नुसता पाय रुततो, मोठा भूकंप आला तर अख्खं घर गिळेल.' ऐकायला पटतं, पण यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. द्रवीभवन म्हणजे चिखल नव्हे. पाण्याने गच्च भरलेल्या, सैल बसलेल्या रेतीला हादरे बसले की कण जवळ सरकू पाहतात. मधल्या पाण्याला तेवढ्या क्षणांत बाहेर पडता येत नाही, म्हणून कणांवरचा भार पाण्यावर येतो आणि जमिनीचा जोर संपतो. १९६४ मध्ये जपानच्या निगाता शहरात चांगल्या बांधलेल्या इमारती याच कारणाने कलंडल्या. काळ्या मातीचे पापुद्र्यासारखे कण मात्र एकमेकांना धरून असतात. ती मऊ पडते, पण अशी सुटत नाही. घरांना दरवर्षी पडणारे तडे तिच्या फुगण्या-आकसण्याचे आहेत, त्यांचं खापर भूकंपावर फोडू नये. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात माणसं दगडमातीच्या जड भिंतींखाली मेली, द्रवीभवनाने नव्हे. आणि ५ रिश्टरच्या आतल्या धक्क्याने द्रवीभवन झाल्याची उदाहरणं अगदी विरळ.

मग बारीक माती म्हणजे निर्धास्त? हा उलटा गैरसमज जास्त महागात पडतो, आणि तो अभियंत्यांमध्येही होता. चिकणमातीचे कण १५ टक्क्यांपेक्षा जास्त असले की काळजी नको, असा ठोकताळा बरीच वर्षं चालला. १९९९ च्या भूकंपात तुर्कस्तानातल्या अडापझारी शहरात गाळाच्या जमिनीवरच्या इमारती खचल्या, आणि तो ठोकताळा तोकडा पडला. तिथल्या मातीवर काम करून ब्रे आणि सँसिओ या संशोधकांनी २००६ मध्ये मांडलं की टक्केवारीपेक्षा चिकटपणा बघा: सुघट्यता निर्देशांक (माती ओलीच्या किती पट्ट्यात मळता येते त्याचं माप) १२ च्या आत आणि ओल द्रवमर्यादेच्या (ज्या ओलीला माती वाहू लागते तिच्या) ८५ टक्क्यांहून जास्त असेल तर माती धोक्याची. काळ्या मातीचा निर्देशांक सहसा याच्या बराच वर असतो. शंका घ्यायचीच तर पैनगंगेच्या काठच्या सैल, ओल्या पोयट्याची घ्यावी.

ती शंका पोतंभर माती प्रयोगशाळेत टाकून फिटत नाही. पोत्यातल्या मातीवरून निर्देशांक निघतो. पण नदीने ती कशी रचली होती, ते खणतानाच मोडलेलं असतं. नळीत घेतलेला नमुनाही गाडीच्या धक्क्यांनी दबतो. नवा नमुना घडवावा, तर कोरडी माती ओतताना जाड-बारीक कण वेगळे पडतात आणि ओलसर माती ठोकून बसवली तर रचना जाळीदार होते. पातळ राडा करून निवळू दिला, तर नदीच्या रीतीच्या जवळ जाता येतं. घनता तीच ठेवली तरी या तिन्हींचे निकाल जुळत नाहीत, म्हणून 'चाचणी झाली' एवढ्यावर समाधान मानू नये. नमुना कसा घडवला ते विचारावं. त्यातली हवा पुरती निघाली का, हेही विचारावं, कारण अडकलेले बुडबुडे दाबले जातात आणि माती आहे त्याहून भक्कम भासते.

प्राथमिक ओळख मात्र हातावरही पटते. ओल्या मातीची वडी तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने आपटा. पोयटा असेल तर पृष्ठभाग पाण्याने लकाकतो आणि वडी दाबताच ती लकाकी आत जिरते. काळी माती कितीही आपटली तरी तशी लकाकत नाही, बोटांना चिकटून बसते.