आइस्क्रीमच्या गाडीतून आलेले रक्त

१९३८ सालची गोष्ट. युद्धाचे ढग जमू लागले होते आणि लंडनमधल्या नामवंत मानसोपचारतज्ज्ञांनी सरकारला इशारा दिला होता. शहरांवर बॉम्ब पडू लागले की शरीराने जखमी होणाऱ्यांपेक्षा मनाने कोसळणारेच जास्त असतील. पहिल्या सहा महिन्यांत असे तीस ते चाळीस लाख रुग्ण येतील, असा त्यांचा हिशेब होता.

७ सप्टेंबर १९४० रोजी बॉम्बवर्षाव सुरू झाला. लंडनवर सलग ५७ रात्री विमाने येत राहिली. पुढच्या आठ महिन्यांत ब्रिटनमध्ये चाळीस हजारांहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. पण मनोरुग्णांची ती लाट काही आली नाही. लोक घाबरले नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. झोपा उडाल्या, जठरातला व्रण फुटून शस्त्रक्रियेसाठी येणारे रुग्ण लंडनमध्ये वाढले, पडक्या घरांत चोऱ्याही झाल्या. ‘लंडनकर हसत हसत सामोरे गेले’ ही नंतर रंगवलेली कथा आहे. तरीही तज्ज्ञांचा अंदाज साफ चुकला, एवढे खरे.

तो का चुकला, याची एकच एक कारणमीमांसा करता येत नाही. एक कारण मात्र डॉक्टरांना सहज पटेल. भीतीपेक्षा असहायता माणसाला जास्त खचवते, आणि इथे बहुतेकांच्या हाताला काहीतरी काम होते. घरात बसणाऱ्या, म्हाताऱ्या म्हणून कोणी हिशेबात न धरलेल्या बायका रात्री चहाच्या किटल्या घेऊन ढिगाऱ्यांपाशी उभ्या असत. स्पिटलफील्ड्स भागातल्या एका प्रचंड तळघरात हजारो लोक आसऱ्याला येत. सुरुवातीला तिथे घाण आणि गोंधळ होता. मिकी डेव्हिस नावाच्या एका अतिशय बुटक्या चष्मेवाल्याने तिथे शिस्त आणली, औषधोपचाराची सोय केली आणि उपाहारगृहाच्या नफ्यातून गरीब मुलांना दूध दिले.

पण या काळातले सर्वांत टिकाऊ काम रक्ताचे झाले.

तोवर रक्त देणे म्हणजे दात्याने रुग्णालयात धावत जाणे. पर्सी ऑलिव्हर या रेडक्रॉसच्या कार्यकर्त्याने १९२१ पासून लंडनमध्ये स्वयंसेवी दात्यांची यादी ठेवली होती. रुग्णालयाचा फोन आला की यादीतला एक जण निघे. शांततेच्या दिवसांत हे चालून जाई. एका रात्रीत शेकडो जखमी आले तर? स्पेनच्या यादवी युद्धात बार्सिलोनातील डॉ. फ्रेडरिक दुरान यांनी उत्तर शोधले होते. रक्त आधीच गोळा करायचे, सायट्रेट घालून ते गोठू द्यायचे नाही, थंड ठेवायचे आणि गरज पडेल तिथे बाटलीतून पाठवायचे.

हॅमरस्मिथ रुग्णालयातील पॅथॉलॉजिस्ट डॉ. जॅनेट व्हॉन यांनी हे काम बारकाईने पाहिले आणि लंडनसाठी आराखडा केला. शहराबाहेर स्लाऊ, लूटन, सटन आणि मेडस्टोन इथे चार केंद्रे उघडली. स्लाऊचे केंद्र कामगारांच्या क्लबात होते. बाटली दुधाच्या बाटलीवरून बेतलेली, आणि ने-आण करायला आइस्क्रीमच्या गाड्या. त्या आधीपासूनच थंड होत्या ना! दाते म्हणजे आसपासचे कामगार आणि गृहिणी. आपले रक्त कुणाला जाणार, हे त्यांना कधीच कळणार नव्हते. रक्त काढून झाले की एक कप चहा, एवढाच मोबदला.

जखमी माणसाचे एक तृतीयांशाहून अधिक रक्त गेले की रक्तदाब कोसळतो. मग तास नव्हे, मिनिटे मोजायची. त्या वेळी कामी येते ते कालपरवा कुणीतरी देऊन ठेवलेले रक्त.

रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९५० मध्ये युद्धकाळातील नागरी जीवनाचा अधिकृत इतिहास लिहिला. मनोरुग्णांचा तो चुकलेला अंदाज त्यानेच नोंदवला. वीस वर्षांनी त्याने रक्तदानावर पुस्तक लिहिले. पैसे देऊन घेतलेल्या रक्तापेक्षा स्वेच्छेने दिलेले रक्त अधिक सुरक्षित असते, असे त्याने मांडले. गरजू विक्रेता आपला आजार लपवतो. दात्याला तसे करण्याचे कारण नसते. आपल्याकडे व्यावसायिक रक्तदात्यांवर बंदी आली ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून.

संकटाची बातमी आली की आजही रक्तपेढीबाहेर रांगा लागतात. भावना चांगली, हिशेब मात्र थोडा चुकतो. आता वापरात असलेल्या नेहमीच्या पिशवीत रक्त ३५ दिवस टिकते, प्लेटलेट तर पाचच दिवस. एकाच दिवशी सगळ्यांनी दिले तर काही वाया जाते आणि त्या पुरुषांना पुढचे तीन महिने, स्त्रियांना चार महिने पुन्हा देता येत नाही. एप्रिल-मेमध्ये महाविद्यालये बंद असतात, शिबिरे होत नाहीत आणि महाराष्ट्रातल्या पेढ्यांचे फ्रिज रिकामे होऊ लागतात. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतेच, मेमध्येसुद्धा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन साडेबारा असेल, तर साधारण अर्ध्या तासाचे काम आहे.