टायमिंग चेन बदलली आणि कॉम्प्रेशन गेलं? इंजिन खोलण्याआधी हे तपासा

आमची चार सिलेंडरची जुनी पेट्रोल गाडी. चेनचा खळखळ आवाज यायचा म्हणून गॅरेजमध्ये टायमिंग चेन बदलली. काम झालं, पण गाडी सुरूच होईना. मेकॅनिक म्हणाला, "कॉम्प्रेशन नाहीये, रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागेल." बाबांचा चेहराच पडला. मला मात्र एक कळेना, कालपर्यंत धावणाऱ्या गाडीच्या चारही सिलेंडरच्या रिंगा एका दिवसात कशा झिजतील?

आधी कॉम्प्रेशन समजून घेऊ. पिस्टन वर येताना सिलेंडरमधली हवा दाबली जाते. तेव्हा व्हॉल्व्ह घट्ट बंद हवेत. ते कधी उघडायचे आणि कधी मिटायचे, हे टायमिंग चेनवर अवलंबून असतं. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो. चेन बसवताना कॅम एक-दोन दाते मागे राहिला, तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि हवा परत बाहेर निसटते.

मग मी ओळखीच्या दुसऱ्या मेकॅनिकला गेज घेऊन बोलावलं. त्याने इंधन आणि इग्निशन बंद केलं, सगळे प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला आणि प्रत्येक सिलेंडरला सारखाच सेल्फ मारला. आकडे आले ९५, ९०, ९५, ९० पीएसआय. चांगल्या पेट्रोल इंजिनला साधारण १५० ते २०० लागतात.

आता आकड्यांचा अर्थ असा लावायचा:

• सगळे सिलेंडर सारखेच कमी: आधी टायमिंगवर संशय घ्या.
• एक-दोनच खूप कमी किंवा शून्य: व्हॉल्व्ह वाकला असू शकतो.
• शेजारचे दोन कमी: हेड गॅस्केट तपासा.
• प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकल्यावर आकडा चांगलाच वाढला: रिंगा झिजल्यात.

आमच्याकडे ऑइल टाकूनही फारसा फरक पडला नाही. म्हणजे रिंगा ठीक होत्या! कव्हर उघडलं तर कॅमची खूण दोन दाते मागे. चेन नीट बसवली, क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला, खुणा परत जुळल्या. हे करताना कुठे अडकलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल. परत गेज लावलं तर चारही सिलेंडर १६५ च्या वर.

आमचं नशीब, व्हॉल्व्ह वाकले नाहीत. चुकीच्या टायमिंगवर सेल्फ मारत राहिलो असतो तर कदाचित वाकलेही असते. म्हणून चेनचं काम करताना कव्हर लावण्याआधी टायमिंगच्या खुणांचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. आणि कुणी "इंजिन गेलं" म्हणालं तर आधी विचारा, "चारही सिलेंडरचे आकडे किती आले?"