खोळंबा गेला कुठे?

वेबपान उघडताना ब्राउझरच्या पोटात काय चाललेलं असतं, ते बघत बसण्याचा मला फार जुना नाद आहे. संगणकावर एफ-१२ दाबलं की ब्राउझरची आतली हत्यारं उघडतात. त्यातल्या 'नेटवर्क' या कप्प्यात एकेका विनंतीची आडवी पट्टी उमटत जाते. कोणती विनंती कधी निघाली, किती वेळ ताटकळली, उत्तर कधी पदरात पडलं, सगळं तिथे दिसतं. या पट्ट्या वाचता वाचता वेबच्या धंद्यातली एक लाडकी समजूत मला खटकू लागली. विनंत्या असिंक्रोनस, म्हणजे उत्तराची वाट बघत न थांबता, केल्या की साइट आपोआप वेगवान होते, असं जो तो सांगतो. यात निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं समजून घ्यायला या तंत्राच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं.

जन्मकथा एका छोट्या टिपणात आहे. ते लिहिलंय अ‍ॅलेक्स हॉपमन या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या अभियंत्याने. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तो एक्स्चेंज या मेल-सर्व्हरच्या चमूत होता आणि 'आउटलुक वेब अ‍ॅक्सेस' म्हणजे ब्राउझरमधून मेल वाचण्याची सोय तयार होत होती. तोवर वेबची रीत अशी होती की एका मेलवर क्लिक केलं तरी अख्खं पान नव्याने मागवायचं. पानाचा बाकी भाग जागच्या जागी ठेवून फक्त हवी ती माहिती सर्व्हरकडून आणता आली तर? हॉपमनने शनिवार-रविवारी बसून त्यासाठी एक तुकडा लिहून काढला. तो लोकांपर्यंत पोहोचवायचा तर ब्राउझरमध्ये शिरकाव हवा, आणि इंटरनेट एक्सप्लोरर ५ची शेवटची चाचणी-आवृत्ती काही आठवड्यांवर येऊन ठेपलेली. त्याने एक्सएमएल विभागाच्या जाँ पाओलीला गाठलं. पाओली म्हणजे एक्सएमएलच्या मूळ मानकाच्या संपादकांपैकी एक. त्या विभागाची लायब्ररी ब्राउझरसोबत जाणारच होती. त्याच गाडीत हॉपमनचा तुकडा बसवला गेला आणि त्याला एक्सएमएलएचटीटीपी हे नाव मिळालं. एक्सएमएलशी त्याचा खास संबंध नव्हता, हे हॉपमन स्वतःच मोकळेपणाने सांगतो. मार्च १९९९मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बाहेर पडला तेव्हा हा ऐवज त्यात होता.

पण त्या टिपणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते एक ओझरतं वाक्य. हॉपमनचा तुकडा कच्चा होता. शॉन ब्रेसवेल नावाच्या सहकाऱ्याने तो हाती घेऊन वापरण्याजोगा केला, चुका सावरण्याची सोय केली आणि असिंक्रोनस चालण्याची क्षमता त्यात घातली. म्हणजे ज्या गुणाच्या नावाने पुढे सगळ्या जगात डंका पिटला गेला, तो गुण दुसऱ्या माणसाने नंतर घातलेला आहे. वेबच्या इतिहासात ब्रेसवेलचं नाव जवळजवळ कुठेच येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याने घातलेला गुण नेमका काय करतो? एक्सएमएलएचटीटीपीच्या 'ओपन' आज्ञेला तीन गोष्टी सांगता येतात: विनंतीचा प्रकार, पत्ता, आणि तिसरी म्हणजे 'ट्रू' किंवा 'फॉल्स'. पानावरचं जावास्क्रिप्ट ज्या धाग्यावर (थ्रेडवर) चालतं, त्याच धाग्यावर क्लिकांची दखल घेतली जाते आणि पान रंगवण्याचं कामही बरंचसं तिथेच चालतं. तिसऱ्या जागी 'फॉल्स' लिहिलं की उत्तर येईपर्यंत हा धागा अडून राहतो. बटण दबत नाही, टाइप केलेलं अक्षर उमटत नाही, पान गोठतं. 'ट्रू' लिहिलं की विनंती ब्राउझरच्या नेटवर्क विभागाकडे सोपवून धागा मोकळा होतो आणि उत्तर आलं की त्यासाठी नेमून ठेवलेलं फंक्शन चालवलं जातं. सर्व्हरला लागणारा वेळ तेवढाच राहतो, तारेतलं अंतरही तेवढंच. खोळंबा नाहीसा होत नाही. वापरणाऱ्याच्या हाताला बांधलेली त्याची दोरी तेवढी सुटते. आउटलुकच्या त्या वेब-रूपाचा खरा वेळ वाचला तो कमी मागवल्यामुळे: अख्ख्या पानाऐवजी एका मेलपुरता मजकूर.

पुढची पाच-सहा वर्षं भरभर ओलांडू. मोझिलाने हीच कल्पना उचलली, २००४मध्ये सफारीत ती आली, त्याच वर्षी १ एप्रिलला जीमेल अवतरलं. १८ फेब्रुवारी २००५ रोजी जेसी जेम्स गॅरेट याने एक लेख लिहून या पद्धतीला 'एजॅक्स' असं नाव दिलं. गूगल सजेस्ट आणि गूगल मॅप्स ही त्याची उदाहरणं होती. नाव मिळालं आणि लाट उसळली.

त्या लाटेत ज्याचं काम मला खरं भरीव वाटतं तो स्टीव्ह साउडर्स. याहूमध्ये असताना त्याने मोजून दाखवलं की वापरणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या वेळापैकी ८० ते ९० टक्के वेळ सर्व्हरवरून मूळ पान आल्यानंतर जातो. स्क्रिप्टच्या फायली त्यात मोठ्या अडसर होत्या, कारण साधा स्क्रिप्ट-टॅग दिसला की ब्राउझर पानाची पुढची जुळणी तिथेच थांबवतो. पुढे एचटीएमएल ५मध्ये स्क्रिप्ट-टॅगला 'असिंक' हा गुण मिळाला आणि जाहिरातींच्या, मोजणीच्या स्क्रिप्ट पानाला अडवून धरेनाशा झाल्या. हा लाभ निखळ आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार सुरू होते सप्टेंबर २०१०पासून. ट्विटरने तेव्हा नवा अवतार आणला. सर्व्हरने जवळपास रिकामं पान पाठवायचं, ब्राउझरने स्क्रिप्ट उतरवून ती चालवायची, स्क्रिप्टने मग असिंक्रोनस विनंत्या करून ट्वीट मागवायचे आणि पान रंगवायचं, अशी ती रचना. पत्त्यात '#' आणि '!' ही जोडगोळी आली. '#'च्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला कधी पाठवतच नाही. त्यामुळे तुम्ही एका माणसाचं पान मागितलं तरी सर्व्हरला ते कळायला मार्ग नाही. पत्ता वाचायचं कामसुद्धा स्क्रिप्ट उतरल्यानंतर.

फेब्रुवारी २०११मध्ये गॉकर या वेब-माध्यम समूहाने आपल्या साइट याच पद्धतीने नव्याने बांधल्या. जावास्क्रिप्ट बिघडलं आणि काही तास वाचकांसमोर कोरी पानं आली. बातम्या सर्व्हरवर सुखरूप होत्या, त्या दाखवणारं कुणी नव्हतं. मग वाद पेटला. त्यात डॅन वेब या अभियंत्याने मे २०११मध्ये लिहिलेला लेख मला सगळ्यात नेमका वाटतो. त्याचं म्हणणं, हा रस्ता धरला की परतता येत नाही: तसे दुवे जगभर पसरले की ते उलगडणारं जावास्क्रिप्ट मुखपृष्ठावर कायमचं बाळगावं लागतं.

वर्षभराने, २९ मे २०१२ रोजी, ट्विटरने अधिकृतपणे जाहीर केलं की पानं पुन्हा सर्व्हरवरच रंगवली जातील. त्या निवेदनाखाली नाव होतं डॅन वेबचंच. त्यांनी मोजमापही बदललं होतं. पान 'लोड' झाल्याची तांत्रिक खूण बाजूला ठेवून, क्लिक केल्यापासून पहिला ट्वीट डोळ्यांना दिसेपर्यंतचा वेळ त्यांनी धरला. पान पहिल्यांदा उघडायला लागणारा वेळ पूर्वीच्या एक-पंचमांशावर आला. ज्या तंत्राने वेग येतो म्हणतात, ते पहिल्या भेटीपुरतं काढून घेतल्यावर वेग पाचपट!

याचं कारण अंतरात आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. तंतू सरळ रेषेत टाकलेला आहे असं धरलं तरी जाऊन येण्यात १२५ मिलिसेकंद खर्ची पडतात, आणि समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत जात नाहीत. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या चार विनंत्या एकदम सोडल्या तर हा प्रवास जवळपास एकदाच भोगावा लागतो. पण पान आल्याशिवाय स्क्रिप्टचा पत्ता कळत नाही, स्क्रिप्ट चालल्याशिवाय यादी मागवता येत नाही आणि यादी आल्याशिवाय चित्राचा पत्ता मिळत नाही. अशी उतरंड लागली की चार प्रवास, अर्धा सेकंद. त्यात सुरुवातीची जोडणी आणि सर्व्हरचं काम धरलेलंच नाही. चारही विनंत्या 'ट्रू' लिहून सोडा, उतरंड हलत नाही. एचटीटीपी २ने एकाच जोडणीवर अनेक विनंत्या एकत्र नेण्याची सोय केली खरी, पण ज्या विनंतीचा पत्ताच अजून ठाऊक नाही ती तोही नेऊ शकत नाही.

आजही कित्येक बातमीपत्रांच्या पानांवर मला नेटवर्कच्या कप्प्यात हा जिना दिसतो: एक पट्टी संपते तिथून दुसरी सुरू होते. समोर करड्या रंगाचे रिकामे चौकोन लुकलुकत असतात. मथळा वाचायला घ्यावा तोच उशिरा आलेली जाहिरात मजकूर खाली ढकलते आणि बोट भलत्याच दुव्यावर पडतं. गूगलने २०२०पासून या ढकलाढकलीलाही मोजपट्टी लावली आहे, ०.१ किंवा त्याहून कमी गुण असतील तर पान चांगलं. जिना मोडायचा उपायही अवघड नाही. पहिल्या पडद्यावर लागणारा मजकूर सर्व्हरने पानातच घालून पाठवावा, मुख्य चित्राचा पत्ता एचटीएमएलमध्येच लिहावा, जाहिरातीची जागा उंचीसकट आधीच राखावी आणि प्रतिक्रिया, आणखी बातम्या, शोधाच्या सूचना असा मागाहून लागणारा ऐवज असिंक्रोनस विनंत्यांवर सोडावा. ब्रेसवेलने ती सोय केली तेव्हाही मेलपेटी आधी उघडलेली असायची, विनंती त्यानंतर निघायची.